सर ब्रूस फोर्सिथ

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय सूत्रसंचालक, गायक, नर्तक, विनोदवीर व चित्रपट अभिनेते. त्यांचे संपूर्ण नाव ब्रूस जोसेफ फोर्सिथ-जॉन्सन. जन्म २२ फेब्रुवारी १९२८ रोजी उत्तर लंडनमधील एडमंटन येथे झाला. वडिलांचे मोटारींचे गॅरेज होते. फ्रेड अस्टेअर यांचे चित्रपट पाहून वयाच्या आठव्या वर्षी त्यांना नृत्याचा ध्यास लागला. १९४२ मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, ‘बॉय ब्रूस, द मायटी ॲटम’ या नावाने त्यांनी व्यावसायिक रंगमंचावर पाऊल ठेवले.

त्यानंतरची सोळा वर्षे उमेदवारीची होती. गावोगावची नाट्यगृहे, हवाई दलातील सक्तीची सेवा आणि लंडनचे विंडमिल थिएटर असा प्रवास करूनही यश दूरच राहिले. १९५८ मध्ये ‘संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आले आणि ते घराघरांत पोहोचले. १९६१ मध्ये कलावंतांच्या संपामुळे इतर कलाकार येऊ शकले नाहीत, तेव्हा फोर्सिथ व नॉर्मन विस्डम या दोघांनीच संपूर्ण कार्यक्रम रंगवला. त्यांच्या हजरजबाबीपणाची ती कसोटीच होती.

चित्रपटांत मात्र त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने दुय्यम भूमिका आल्या. ‘स्टार!’ (१९६८) मध्ये ते ज्युली अँड्र्यूज यांच्या पित्याच्या भूमिकेत दिसले, तर डिस्नेच्या ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’ (१९७१) मध्ये त्यांनी लहानसा खलनायक रंगवला.

त्यांची खरी हुकमत होती ती सामान्य स्पर्धकांना बोलते करण्यावर. स्पर्धकाची फजिती झाली की त्याला लटकेच रागे भरावयाचे आणि कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांना साक्षीस धरावयाचे, ही त्यांची खास शैली. १९७१ मध्ये सुरू झालेला बीबीसीचा ‘द जनरेशन गेम’ याच शैलीमुळे गाजला. ऐन भरात त्याचा प्रेक्षकवर्ग दोन कोटींच्या घरात गेला होता. त्यांच्या अभिवादनाचे अर्धे वाक्य ते उच्चारीत आणि उरलेले अर्धे प्रेक्षक एका सुरात पूर्ण करीत.

१९७८ मध्ये आयटीव्हीवर त्यांनी ‘ब्रूस फोर्सिथ्स बिग नाइट’ हा महत्त्वाकांक्षी कार्यक्रम सुरू केला. समोर बीबीसीवर त्यांनीच सोडलेला ‘जनरेशन गेम’ लॅरी ग्रेसन चालवीत होते आणि प्रेक्षकांनी कौल ग्रेसन यांना दिला. ‘बिग नाइट’ त्याच वर्षी बंद पडला. ‘प्ले युअर कार्ड्‌स राइट’ने १९८० मध्ये त्यांना पुन्हा सावरले.

नव्या शतकाच्या आरंभी त्यांची कारकीर्द संपल्यात जमा होती. मात्र २००३ मध्ये ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ या कार्यक्रमात पाहुणे सूत्रसंचालक म्हणून त्यांनी बहार उडवली आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या ७६ व्या वर्षी, बीबीसीने ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ची धुरा त्यांच्याकडे सोपविली. २०१४ पर्यंत टेस डॅली यांच्यासह त्यांनी ती सांभाळली. भारतीय प्रेक्षकांना २००६ पासून परिचित झालेला ‘झलक दिखला जा’ हा याच कार्यक्रमाचा अवतार होय.

२०११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८ ऑगस्ट २०१७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या लंडन पॅलेडियमने त्यांना नावलौकिक दिला, त्याच रंगमंचाखाली २०१८ मध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या.