निबंध वाचणारी मुंबई

ठाकूरद्वार म्हटले की चाळी आणि गणेशोत्सव आठवतात. पण ह्या मुंबईला पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक फार चांगली खोड लागली होती. नवे काही कळले, की ते चार लोकांत सांगायचे!

१८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या मंडळींनी ज्ञानप्रसारक सभा काढली. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. सभेत निबंध वाचायचे, मग ते छापायचे. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले. आमच्या रेडिओभाषणांचीच ही जुनी रीत म्हणा ना!

तिथे निबंध वाचणारे गोविंद नारायण माडगावकर हे शाळामास्तर. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. आगगाडी सुरू होऊन तेव्हा दहाच वर्षे झालेली. बाजार, देवळे, गिरण्या, नाना जातींचे लोक, काही म्हणून त्यांनी क्षुल्लक मानले नाही. राजेरजवाड्यांच्या बखरींत हे कुठले सापडायला? इंग्रजी न येणाऱ्याला हे कुणी मराठीत सांगितलेच नसते, तर तो आपल्याच शहरात परका राहिला असता.

गुरुजी, हे पुस्तक मिळाले तर वर्गात दोन पाने मोठ्याने वाचा. सभेत वाचायची सवय असलेल्या माणसाचे ते लिहिणे आहे, मुले ऐकतील.