घोलवडला उतरा, पाड्याची वाट धरा

घोलवड स्टेशनात उतरा. साल १९४६. पावसाळा सरलाय, गवत पिवळं पडू लागलंय. चिकूच्या वाड्यांच्या कडेकडेने बोर्डी गाठा, पण गावात शाळेची इमारत शोधत बसू नका. आदिवासी पाड्याकडे वळा. शाळा आज एका झोपडीपुढच्या अंगणात भरणार आहे.

अंगण अजून झाडायचंय. तुम्ही पाहुण्यासारखे उभे राहिलात, तर पाट कुणी मांडणार नाही, हाती खराटाच येईल. तो देणाऱ्या अनुताई वाघ छत्तीस वर्षांच्या आहेत. पुण्यात शिक्षिका होत्या. गेल्या वर्षी ताराबाई मोडकांच्या सोबतीला इथे आल्या. ताराबाईंनी राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातलं प्राचार्यपद सोडलं, भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिर चालवलं, नंतर दादरला शिशुविहार उभारलं. आता वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्या या पाड्यावर मुलांना हाका मारत फिरताहेत. तुम्हीही जा. मुलं आपली आपण येत नाहीत, आणावी लागतात.

प्रार्थनेची वाट पाहू नका, आधी अंघोळ आहे. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाच्या पायावर खरूज, नखांत शेण. एक पोरगा पाणी पाहून पळतो. त्याला धरून आणायचं नाही, असं तुम्हांला दटावून सांगितलं जातं. तो खांबामागून बाकीच्यांना पाहतो. बऱ्याच वेळाने स्वतःच येऊन पाण्यात हात घालतो. आपल्याकडे याला वेळ वाया घालवणं म्हणतात. इथे हाच पहिला तास.

मग साधनं निघतात. शहरातल्या बालमंदिरात लाकडी दट्टे बसवायच्या पेट्या होत्या, ठोकळे एकावर एक रचायचा गुलाबी मनोरा होता. ती लाकडी चैन खेड्याला परवडायची नाही. म्हणून चिंचोके, गुंजा, करंजाच्या बिया, किनाऱ्यावरचे शिंपले. समोर बसलेली मुलगी लहानमोठे शिंपले रांगेत लावते आहे. दोन जागा चुकल्यात. तुमचा हात शिवशिवतो ना? आवरा. ती थांबते, रांगेकडे मान वाकडी करून बघते, सगळं मोडते आणि पुन्हा मांडते. शेजारच्याला तेच शिंपले हवेत, तो घुटमळतो आहे. तिचं झालं की त्याची पाळी. खेळ संपला की टोपली जागच्या जागी. अक्षराचा अजून पत्ता नाही.

आता शांतीचा खेळ. सगळे डोळे मिटतात. काय काय ऐकू आलं? कोंबडी, कुणाच्या तरी घरचं कांडण, माडाच्या झावळ्या. तुम्हांला बहुधा काहीच आठवणार नाही. मुलं दहा आवाज सांगतील.

हे सगळं कुठे चाललंय, तेही पाहा. याच पट्ट्यात, उंबरगाव-डहाणूत, वारली आदिवासींनी गेल्या वर्षी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला; कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर त्यांच्यात वावरताहेत. आईबापांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हुकमावर राबायचं, अशी ही जागा. अशा घरच्या मुलाला कुणी तरी विचारतं, “तुला काय घ्यायचंय?” माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात मोठा धडा हा प्रश्नच होता.

अकरा वर्षं पुढे सरका. काम आता कोसबाडच्या टेकडीवर गेलंय. सात वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन शाळेच्या दाराशी उभी आहे. त्याला सांभाळायचं की शिकायचं? इथल्या विकासवाडी प्रकल्पाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. भावाला पाळणाघरात सोडायचं नि आपण वर्गात जायचं. गुरं राखणाऱ्या पोरांना तेवढंही जमेना, तेव्हा शिक्षकच कुरणावर गेले. त्या शाळेचं नाव कुरणशाळा.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि अशीच अंगणातली शाळा, अंगणवाडी, देशभर पोचू लागली. अनुताईंनी ती पाहिली. त्या १९९२पर्यंत होत्या.

परत आलात की तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जा. मूल किती आकडे म्हणतं हे विचारू नका. त्याच्या हाताला माती, पाणी, बिया मिळतात का ते बघा, आणि मिळत नसतील तर पिशवीभर चिंचोके तुम्हीच नेऊन द्या.