पाण्यातल्या माशांची मोजणी



गोठ्यातली जनावरं मोजता येतात, उसाच्या सऱ्या मोजता येतात. पण गावतळ्यातले मासे? ते काही दावणीला उभे राहत नाहीत. तरीही त्यांची मोजणी होते, आणि ही विद्या सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० नंतरच्या दशकात समुद्राच्या खाडीतले मासे धरून, खुणा करून परत सोडले. पुन्हा जाळ्यात आलेल्यांत खुणेचे किती, यावरून त्रैराशिकाने एकूण मासे काढायची रीत आज त्यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे १९५४ साली अमेरिकेतल्या शेफर यांनी दुसरं गणित मांडलं. मासे फार थोडे उरले तर पैदास कमी. फार दाटी झाली तर खाद्य अपुरं. साठा निम्म्यावर असताना वाढ सर्वांत जास्त. तेवढी वाढ काढावी, मुद्दल राखावं.

कोल्हापूरच्या बाजारात पापलेट येतं ते किनाऱ्यावरून. तिथे महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. २०२३ साली ५४ जातींची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान धरायचं नाही. माशाने एकदा तरी अंडी घालावीत, हा त्यातला हिशेब.

आपल्या तळ्याची गोष्ट वेगळी. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. बोटुकली विकत आणून सोडावी लागते. म्हणून इथे मोजायचं ते, किती जगली हे.

जाळं ओढून १०० मासे धरा. शेपटीच्या पराचं टोक किंचित कातरून लगेच सोडा. आठवड्याने तळ्याच्या सगळ्या बाजूंनी जाळं टाका. समजा १०० मासे आले आणि त्यांत १० खुणेचे निघाले, म्हणजे दहात एक. तर तळ्यात सुमारे १,००० मासे आहेत. सरासरी वजन २०० ग्रॅम भरलं तर एकूण २०० किलो. वजनाच्या २ टक्के धरलं तर रोज ४ किलो खाद्य पुरे.

पण तुम्ही सोडलेली २,००० बोटुकली मनात धरून ८ किलो टाकलंत, तर निम्मं तळाशी कुजेल, पाणी बिघडेल, मासा मरेल आणि पैसाही जाईल.

मोजणीचा आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यात बोटुकली किती आणायची, ते ती वहीच सांगेल.