शब्दवेध : डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या चपळ बोटींनी बड्या युद्धनौकांची झोप उडवली. त्यांचा फडशा पाडणारे जहाज ते ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. पुढे पहिले दोन शब्द गळाले. उरलेल्या ‘डिस्ट्रॉयर’ला मराठीत ‘विनाशिका’ म्हणतात. ‘एस्कॉर्ट’ इटालियन ‘स्कोर्ता’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, मुळाशी अर्थ वाट दाखवण्याचा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिकमधील मालवाहू ताफे बुडवू लागल्या, तेव्हा अमेरिकी नौदलात ही जोडी जमली. नाव जरा फसवेच, कारण ही जहाजे सोबत करत ती विनाशिकांची नव्हे, मुख्यतः व्यापारी ताफ्यांची. विनाशिकेहून ती लहान, संथ आणि स्वस्त. मात्र झटकन वळत. पाण्याखालची पाणबुडी सोनारने हुडकायची आणि डेप्थ चार्ज किंवा ‘हेजहॉग’चे २४ स्फोटक गोळे टाकायचे, ही त्यांची रीत. ‘इंग्लंड’ या जहाजाने (नाव देशाचे नव्हे, पर्ल हार्बरला मारल्या गेलेल्या अमेरिकी नौसैनिकाचे) मे १९४४ मध्ये पॅसिफिकात १२ दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या.

ब्रिटिशांनी अमेरिकेकडून मिळालेल्या अशा ७८ जहाजांना ‘फ्रिगेट’ म्हटले. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलानेही आपल्या एस्कॉर्ट जहाजांसाठी तेच नाव स्वीकारले.