तळटीप २३ : ‘चौसष्टच्या आधीची’

२३. विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ९४’ ही शिकारीची रायफल. रचना जॉन ब्राउनिंग यांची. १८९४ पासून अमेरिकेतील न्यू हेवन येथे बनू लागली. घोड्याभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत चढते. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने घडीव भागांऐवजी पत्र्याचे ठोकीव भाग वापरले, मधल्या सांगाड्याची धातूही बदलली. त्यामुळे जुन्या मालाला अधिक भाव येतो. म्हणूनच इथे दुकानदार रायफल उलटी करून सांगाड्याच्या पोटावरचा अनुक्रमांक आधी वाचतो. तो २६ लाखांच्या आतला असेल तर रायफल साधारणपणे जुनी.

पुढे तो अक्षरांवरून बोट फिरवतो, तेही उगाच नाही. मूळ निळसर-काळी झिलई विरळ झाली तरी चालते. पुन्हा पॉलिश करून चढवलेली झिलई मात्र संग्राहकाच्या लेखी किंमत पाडते. पॉलिश करताना कोरीव अक्षरे पुसट होतात, सांगाड्याच्या कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. दुर्बीण बसवण्यासाठी मागाहून पाडलेली भोके आणि कापलेला दस्ता हेही मोठे दोष. दुरुस्तीने ते भरून निघत नाहीत. विधवेने नवऱ्याची रायफल विकण्याआधी हौसेने चकचकीत करून घेतली, हे वाचल्यावर दुकानदाराचे गप्प होणे समजते.