एका यीस्टच्या दोन अँटीबॉडीज

सगळ्यात छळवादी बग कुठला? जो एका मशीनवर दिसतो आणि दुसऱ्यावर नाही. कॅन्डिडाच्या संशोधनात असाच एक बग कित्येक वर्षं पडून होता.

कॅन्डिडा म्हणजे आपल्या तोंडात, आतड्यात मुक्कामाला असलेलं यीस्ट. एरवी गरीब बिचारं. पण प्रतिकारशक्ती ढासळली आणि ते रक्तात शिरलं, तर जिवावर बेततं. त्याच्याशी लढताना अँटीबॉडीज उपयोगी पडतात का, हा तो वाद.

वाद जुनाच. १८८४ मध्ये मेच्निकॉफने पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या इवल्याशा जिवात पेशी यीस्टला गिळताना पाहिल्या. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटोंनी दाखवलं की खरी जादू रक्तातल्या सीरममध्ये आहे. झालं, दोन पार्ट्या पडल्या! १९०८ चं नोबेल मेच्निकॉफ आणि सीरमवाल्या एर्लिखला वाटून दिलं गेलं.

यीस्टच्या बाबतीत मात्र पेशीवाले जिंकल्यात जमा होते. एड्समध्ये टी पेशी घटल्या की तोंडात कॅन्डिडा माजतं. उलट ज्यांना जन्मतःच अँटीबॉडीज बनवता येत नाहीत, त्यांना सहसा हा त्रास होत नाही. त्यात सीरमचे प्रयोग एका लॅबमध्ये जमायचे, दुसरीकडे फसायचे. मग कोण नादी लागणार?

अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीतले हान आणि कटलर लागले. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच छापाच्या अँटीबॉडीज बनवायची युक्ती काढली होती, ती ह्यांनी कॅन्डिडावर वापरली. १९९५ च्या त्यांच्या पेपरात दोन अँटीबॉडीज आहेत, बी ६.१ आणि बी ६. दोन्ही एकाच जातीच्या, दोन्ही यीस्टच्या कवचावरच्या मॅनन ह्या साखरेला चिकटणाऱ्या. आता गंमत बघा: बी ६.१ दिलेले उंदीर जास्त दिवस जगले, बी ६ दिलेल्यांना काडीचा फायदा नाही! पहिली कवचभर सारखी पसरते, दुसरी तुटक ठिपक्यांसारखी बसते. सीरम म्हणजे अशा कामाच्या आणि बिनकामाच्या अँटीबॉडीजची मिसळ. तर्री कधी जास्त, कधी कमी. मग प्रत्येक लॅबचं उत्तर वेगळं येणारच की!

पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांना आतड्यातल्या अँटीबॉडीजचं आणखी एक रूप दिसलं. त्या कॅन्डिडाचं लांब तंतूंचं, आत घुसणारं रूप हेरून धरतात. गोल, शांत यीस्टच्या मात्र फारशा वाटेला जात नाहीत.