वीरमरण, घात आणि संशय

आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने निकराचा हल्ला चढविला. त्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच मोहिमेत पोर्तुगीजांचे डहाणूही मराठ्यांच्या हाती आले. ऐन लढाईत, सर्वांदेखत झालेल्या या मृत्यूविषयी वाद नाही. मराठ्यांच्या सर्वच सेनानींबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे सतराव्या शतकाच्या मध्यास कर्नाटकात कनकगिरीच्या लढ्यात पडले. अफजलखानाने वेळेवर कुमक न धाडल्यानेच हे घडले, असा ठपका ठेवला जातो. येथे मृत्यू निश्चित आहे. खानाचा हेतू हे मात्र अनुमान आहे.

सेनापती संताजी घोरपडे यांची १६९७ मध्ये झालेली हत्या ही उघड सूडाची. ती नागोजी माने यांच्या नावावर नोंदली गेली आहे.

नागोरच्या वेढ्यात जुलै १७५५ मध्ये जयाप्पा शिंदे यांना मारवाडच्या विजयसिंहाच्या मारेकऱ्यांनी छावणीतच ठार केले. येथे घात निर्विवाद आहे. परंतु संतापलेल्या सैनिकांनी मध्यस्थीसाठी आलेले मेवाडचे सरदार, सलूंबरचे रावत जैतसिंह यांनाही संशयावरून कापून काढले.

म्हणूनच मृत्यू कसा झाला, वार कोणाचा आणि आज्ञा कोणाची, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे तपासावे लागतात. ते एकत्र केले की संशयालाच पुराव्याचे मोल येते.